वाऱ्यावरची अकरा झाडं

हर्ण्याच्या बंदराकडे उतरताना जिथून समुद्रातला किल्ला पहिल्यांदा पुरता दिसतो, तिथे डाव्या हाताला येसूबाईचं खळं आहे. बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणल्या आहेत; तिला आम्ही वलांडी म्हणतो. हिवाळ्यात त्या दोऱ्यांवर बोंबील असे लटकतात की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी तोरणं बांधली आहेत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. येसूबाई हे काम न बघता करते. तोंडाने शेजारणीशी बोलणं चालू असतं आणि हात आपले जोड्या जुळवत असतात.

तिचं माहेर बुरोंडी. एकोणिसाव्या वर्षी ती हर्ण्याला बाळा तांडेलाच्या घरात आली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. बाळा बोट चालवतो, खलाशी त्याच्या शब्दावर जाळं टाकतात. लोक म्हणतात, बाळाच्या हाताला मासळी लागते. खरं आहे. पण वाळूवर ओतलेली मासळी दोन दिवसांत कुजते. तीच मासळी भाद्रपदातल्या पावसात कुणाच्या तरी ताटात खमंग भाजून पडते, ती येसूबाईच्या हातामुळे.

सुका बोंबील ती कानाशी धरून मोडते. आवाज कोरडा आला तर माल भरायचा, जरा दबका आला तर पुन्हा उन्हात. सोडे, म्हणजे सोललेली कोलंबी, वाळले की नाही हे ती वरच्या ओठाला लावून ओळखते. हाताचं बोट लबाड असतं, ओठ खरं सांगतो, असं तिचं म्हणणं. पाणी हे पाहुण्यासारखं आहे, येऊ दे, पण मुक्कामाला राहू देऊ नको, हेही तिचंच. बंदरावरच्या बायका तिच्याकडून एवढं शिकल्या, तरी तिच्या मालाला जो गंध असतो तो अजून कुणाला साधलेला नाही.

अशा बाईच्या हाती, आयुष्यभर जिने ओलीशी भांडण केलं तिच्या हाती, ओलीवरच जगणारी झाडं आली. त्याची ही गोष्ट.

येसूबाईचा मुलगा सागर मालवाहू जहाजावर आहे. आठ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. त्याची बायको दर्शना डोंबिवलीची. दर्शनाचे वडील छापखान्यात नोकरीला होते. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, गॅलरी नाही, कुंडी ठेवायला जागा नाही. माणसाला मात्र झाडांचा नाद. तेव्हा त्यांनी माती न लागणारी झाडं शोधून काढली. खिडकीच्या गजांना एकेक तारेने टांगायची. मूठभर आकाराची, काही चंदेरी, काही हिरवी, पानं अशी वळलेली की वाटावं भिंतीवरच्या कोळ्याने पाय आखडून घेतले आहेत. त्यांची मुळं फक्त धरून राहण्यापुरती. पाणी प्यायचं ते पानांनीच. दर्शनाचं लग्न झालं आणि चार महिन्यांत वडील गेले. आईने दिवसकार्य आटोपल्यावर खिडकी लावून घेतली आणि दर्शनाला म्हणाली, "ही तू ने. मला बघवत नाहीत." बरीच झाडं होती. दर्शनाने ती बुटाच्या खोक्यांत घालून हर्ण्याला आणली आणि मागच्या पडवीत एका जुन्या जाळ्याला टांगली.

वाडीतल्या बायका बघायला आल्या. शेजारची मैना म्हणाली, "ही तर बांडगुळं. आंब्यावर येतात तसली."

"बांडगूळ झाडाचं रक्त पितं, काकी," दर्शना म्हणाली. "ही कुणाचं काही घेत नाहीत."

येसूबाईलाही त्या झाडांत काही विशेष दिसलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी सून त्या झाडांपुढे दोन मिनिटं उभी राहते, हे तिने पाहिलं होतं. देवापुढे उभं राहावं तशी नव्हे, घरातल्या माणसाला आज काय झालं ते सांगावं तशी.

गेल्या वर्षी शिमगा झाला, पालखी देवळात गेली, आणि दर्शनाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने सासूला पडवीत नेऊन अकरा झाडं मोजून दाखवली आणि सगळं समजावलं. रविवारी वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात बुडवायची. मग उलटी धरून झटकायची, म्हणजे गाभ्यात पाणी राहत नाही. मग वाऱ्यावर सुकवायची आणि सुकल्यावरच परत टांगायची. नळाचं पाणी नको, त्यात पावडर असते. चांगलं पाणी घ्यायचं.

"बोंबलासारखंच मग," येसूबाई म्हणाली. "ह्याला काय शिकायचं हाय."

"आई, बाबांनी हातांनी तारा वळल्यात ह्यांच्या." दर्शना एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

एक गोष्ट सांगायची तिला सुचली नाही, आणि सुचायचं कारणही नव्हतं. ती स्वतः झाडं निळ्या प्लास्टिकच्या टबात बुडवायची. तो टब न्हाणीत होता. येसूबाईने तो पहिल्या रविवारी हातात घेतला आणि खाली ठेवला. व्याह्यांची आठवण, आणि ती प्लास्टिकच्या टबात घालायची? ज्या माणसाने मुलगी दिली त्याचा हात लागलेली वस्तू. तिने माळ्यावरून घंगाळ काढलं. चांगलं दोन माणसांनी उचलायचं, तिच्या आईने लग्नात दिलेलं, तांब्याचं. वर्षानुवर्षं काळं पडलेलं घंगाळ तिने आमसुलाने घासलं, राखेने घासलं, पुन्हा आमसुलाने घासलं, आणि ते लाल सोन्यासारखं झालं. शनिवारी संध्याकाळी विहिरीचं पाणी काढून त्यात भरून ठेवलं. तांब्यात रात्रभर राहिलेलं पाणी म्हणजे औषध, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. घरची माणसं पितात त्याहून चांगलं पाणी तिने त्या झाडांना दिलं.

पुढे ती दर शनिवारी घंगाळ घासायची आणि दर रविवारी अकरा झाडांना न्हाऊ घालायची. मैना कुंपणावरून बघायची.

"काय गो येसू, सुनेची बांडगुळं न्हाणीत नेलीस? शिकेकाई लावलीस की नाय?"

"तुज्या नितेशला लावून उरली तर लावीन."

"माजा नितेश लोट्याच्या केमिकल कंपनीत असतो. तिथं त्याला वेगळंच काय काय लागतं अंगाला."

तिसऱ्या रविवारी एका चंदेरी झाडाची टोकं तपकिरी झालेली दिसली. येसूबाईला वाटलं, चैत्राचं ऊन लागलं. तिने जाळं सावलीत सरकवलं. चौथ्या रविवारी तिने ते झाड उचललं आणि त्याचा गाभा अलगद हातात आला, पिकलेल्या फळाचं देठ निघावं तसा. मग तिने जास्त काळजी घ्यायची ठरवली. रविवारी होत होती ती अंघोळ बुधवारीही सुरू केली. बुधवारसाठी मंगळवारी घंगाळ घासायचं. आणि जी जास्त लव अंगावर असलेली, चंदेरी, सुंदर झाडं होती तीच आधी जाऊ लागली. अक्षयतृतीया होऊन गेली तोवर सात गेली.

ज्या बाईच्या हातून कधी टोपलीभर माल वाया गेला नाही, तिच्या हातून हे होत होतं. ती वास घेऊन बघायची. कुजल्याचा वास नव्हता. ओठाला लावून बघायची, ओल नव्हती. वाळवण्यात चूक नाही, पाण्यात चूक नाही, वाऱ्यात चूक नाही. मग काय? ती जेवायची थांबली नाही, कामही थांबलं नाही, पण बाळा म्हणतो, त्या दिवसांत ती भाकरी थापताना मध्येच हात थांबवून बसायची.

मेलेली झाडं तिने टाकली नाहीत. तारांसकट एका फडक्यात बांधून कपाटात ठेवली.

रविवारी दुपारी दर्शनाचा व्हिडिओ कॉल यायचा. तब्येत, जेवण, सागरचं जहाज कुठल्या बंदराला लागलं, सगळं झालं की शेवटी, "आई, झाडं दाखवा ना."

येसूबाई फोन घेऊन पडवीत जायची आणि उरलेल्या चारांपुढे धरायची. आधी डावीकडून, मग उजवीकडून. चार झाडं दोनदा दाखवली की आठ वाटतात.

"बाकीची?"

"ती सुकायला टांगलीत गो, मागच्या दारी. नेट जातं तिकडं."

बाळाने एकदा ऐकलं आणि म्हणाला, "सांगून टाक. झाड गेलं, माणूस तर नाय गेलं."

मैना मात्र ओरडली. "वेड लागलंय? आठव्या महिन्यात पोरीला बापाचं दुखणं उकरून देशील? पोटातल्या जिवाला लागतं ते." वाडीतल्या सगळ्या बायकांचं हेच मत पडलं. मग येसूबाई गप्प राहिली. पण ही सवलत आपल्याला पोटातल्या बाळामुळे मिळाली आहे, ती आपली नव्हे, हे तिला कळत होतं. बाळ जन्माला येईल त्या दिवशी ती संपणार होती.

वैशाखातल्या अमावास्येला उधाणाची भरती होती. बाळाने बोट वाळूवर घेतली. ओहोटी लागली की बोट कलून टेकते आणि मग पुढची भरती यायच्या आत बूड खरवडून रंग द्यायचा असतो. बाळा आणि त्याचा जुना खलाशी धाकू, दोघे लोखंडी पट्ट्या घेऊन बसले होते. येसूबाई भाकऱ्या घेऊन गेली. बोटीच्या बुडाला शेवाळ आणि बारीक शिंपल्यांचे थर चढले होते. पण सगळीकडे नाही. मध्येच हातभर जागा लख्ख होती.

"इथं साफ कसं काय राह्यलं?" तिने विचारलं.

"गेल्या खेपेचा रंग टिकलाय तिथं," बाळा म्हणाला.

"रंगाला घाबरतात काय शिंपले?"

"तांबं असतंय त्या रंगात. आज्याच्या वेळी तर बुडाला तांब्याचा पत्रा मारायचे म्हणतात. तांब्यावर दर्यातलं काय रुजत नाय. शेवाळ म्हणू नको, शिंपला म्हणू नको. जीवच धरत नाय."

"कशानं पण?"

"आता कशानं ते मी काय मास्तर हाय? मरतं, एवढं ठावं."

येसूबाई भाकऱ्यांचं गाठोडं हातात धरून उभी राहिली. धाकू म्हणाला, "तांडेल, वहिनीला एक डबा द्या रंगाचा. घराला लावायचा विचार दिसतोय."

तिने गाठोडं वाळूवर ठेवलं आणि चढण चढू लागली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, भर दुपारी, तापलेल्या वाळूतून. घरी आली तेव्हा उद्याच्या रविवारचं पाणी सकाळीच घंगाळात भरून ठेवलेलं होतं. लखलखीत लाल तांबं, आणि पाण्यात आढ्याचं प्रतिबिंब. ती त्याच्यापुढे बसली. जितकं जास्त घासलं तितकं जास्त तांबं पाण्यात उतरलं होतं. बोटीच्या बुडाला लावतात तेच तिने व्याह्यांच्या झाडांना आठवड्यातून दोनदा पाजलं होतं, आमसुलाने उजळून, हात जोडून.

मला हे तिने स्वतः सांगितलं तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आळस केला असता तर जगली असती."

त्या दुपारी तिने घंगाळ पालथं घातलं आणि मातीचं परळ आणलं. चार झाडं विहिरीच्या ताज्या पाण्यात बुडवली, काढली, पाणी ओतलं, पुन्हा नवं पाणी घेतलं. खारवलेली मासळी तीन पाण्यांतून काढतात तशी तिने ती झाडं तीन पाण्यांतून काढली. मग उलटी टांगली आणि पहाटेचा, जमिनीकडून येणारा मतलई वारा लागेल अशा बेताने मागच्या दारात ठेवली. आठ दिवस ती त्यांना हातही लावेना. नवव्या दिवशी एकाच्या गाभ्यात पोपटी टोक दिसलं, गव्हाच्या दाण्याएवढं.

नितेश सुट्टीला घरी आला होता. त्याला मैनाने सगळं सांगितलं असणार. तो मोबाइल घेऊन पडवीत आला. "काकी, हे बघा. सेम मिळतात ऑनलाइन. सात मागवू या, पाच-सहा दिवसांत येतील. वहिनीला कळणार पण नाय."

येसूबाईने फोन हातात घेतला. चित्रं निरखून बघितली. तीच वळलेली पानं, तीच चंदेरी लव. बराच वेळ तिने फोन परत दिला नाही. नितेशने मागणीच्या बटणावर बोट नेलं.

"थांब," ती म्हणाली. "नव्या मालात गेल्या सालचा माल मिसळला तर गिऱ्हाइकाला कळतंय काय?"

"तुमी मिसळलात तर नाय कळणार."

"म्हणूनच नाय मिसळला आजवर," असं म्हणून तिने फोन त्याच्या खिशात घातला.

मग पाऊस लागला. बोटी वर आल्या, त्यांच्यावर माडाची झापं चढली आणि बंदर ओस पडलं. त्या दिवसांत आमच्या घरांत भिंती पाझरतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मीठ वितळून बरणीत पाणी होतं. हवेवर जगणाऱ्या झाडाला हवा आवडेल असं वाटतं. पण न सुकलेलं पाणी गाभ्यात दोन दिवस बसलं की झाड आतून सडतं, आणि पावसात काही सुकत नाही. इथे मात्र येसूबाई आपल्या मुलखात होती. ओलीशी कसं वागायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिने पहिल्यांदा रविवारची अंघोळ बंद केली. हवाच न्हाऊ घालते आहे तर वेगळं पाणी कशाला? पंधरा दिवसांनी एकदा, आणि तेही उघडीप मिळाली तर, पाच मिनिटं. मग झाड उलटं धरून तळहातावर तीनदा आपटायचं. गाभ्यात फुंकर मारायची. पुढच्या आणि मागच्या दाराचा वारा जिथे एकमेकाला भेटतो ती पडवीतली जागा तिने फडकं धरून शोधली आणि जाळं तिथे बांधलं. वीज असली तर पंखा, गेली तर सूप. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे: बाहेर पाऊस कौलं फोडतो आहे आणि ही बाई पाटावर बसून सुपाने चार झाडांना वारा घालते आहे. तासाभराने एकेक झाड वरच्या ओठाला लावायची. समाधान झालं नाही की पुन्हा सूप.

बाळा चहा पिताना म्हणाला, "मला ताप आला होता तेव्हा नाय घातलास एवढा वारा."

"तुमी सडत नाय," ती म्हणाली.

चारांतलं एकही गेलं नाही. उलट त्यांची पानं कडक झाली, आणि जे चौथं सगळ्यांत खंगलेलं होतं त्याच्या बुडाशी दोन पिल्लं धरली.

आषाढाच्या सुरुवातीला डोंबिवलीहून फोन आला. मुलगी झाली. बाळा तांडेलाने शेजाऱ्यांना पेढे वाटले. येसूबाई हसली, पदराने डोळे पुसले, आणि त्याच संध्याकाळी तिने बारशाला निघायची तयारी सुरू केली. अळीवाचे लाडू, बाळंतिणीसाठी निवडलेले सोडे, पोरीची दुपटी. आणि एक वेताची टोपली. त्यात चार झाडं. कपाटातलं फडक्याचं गाठोडंही तिने पिशवीत तळाशी ठेवलं.

"ते कशाला नेतेस?" बाळाने विचारलं.

"अकरा दिली होती. अकरा नेऊन द्यायची."

दापोलीहून निघालेल्या एसटीत ती खिडकीशी बसली. पाऊस आत येतो म्हणून कंडक्टर काच लावायला आला, तेव्हा तिने टोपली दाखवली. "ह्यांना वारा लागतो." कंडक्टरला काय वाटलं कोण जाणे, त्याने चार बोटं काच उघडी ठेवली. कशेडी घाटापासून पनवेलपर्यंत तिचा डावा खांदा भिजत होता आणि टोपली उजव्या मांडीवर कोरडी होती.

बारसं झालं. नाव अक्षया ठेवलं. पाहुणे गेले, बायका ओट्या घेऊन गेल्या. खोलीत दर्शना, तिची आई राजश्री आणि येसूबाई एवढ्याच उरल्या. येसूबाईने टोपली पुढे ठेवली. मग फडक्याची गाठ सोडली.

"दर्शना, अकरा दिली होतीस. चार जिती आणलीत, ही सात मेली. रोग नाय पडला, उंदीर नाय लागला. तांब्याच्या घंगाळात घातली मी. तांबं विष असतं त्यांना, ते मला नंतर कळलं. माज्या हातानं गेली."

दर्शनाने सुकलेली झाडं मांडीवर घेतली. तारांवर बोट फिरवलं.

"कधी?"

"चैत्रात, वैशाखात."

"म्हणजे फोनवर दाखवत होतात ती..."

"चारच. फिरवून फिरवून."

"मला सांगायचं होतं."

"तुज्या पोटात पोर व्हती."

"तरी सांगायचं होतं, आई. मी रोज हिला सांगत होते पोटात, आजोबांची अकरा झाडं आहेत, तू आलीस की बघू." एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं. राजश्रीताई चहा करायला उठल्या आणि स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी वाजत राहिली.

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशीही दर्शना सासूशी हवं-नको एवढंच बोलली. येसूबाईने तिची मनधरणी केली नाही, की बाजू मांडली नाही. तिचं दुपारच्या बसचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीला न्हाऊ घालणारी बाई आली नाही. येसूबाई पाटावर पाय पसरून बसली. पोर पायांवर घेतली, तेल लावलं, पाणी घातलं. सगळ्याच आज्या घालतात तसंच. पण अंघोळ झाल्यावर ती थांबली. पोरीच्या मानेची वळी तिने दोन बोटांनी उघडली आणि मऊ फडक्याने टिपली. मग दुसरी. काखा, मांड्यांच्या घड्या, कानांमागची जागा, आवळलेल्या मुठी एकेक बोट उघडून. प्रत्येक ठिकाणी आधी टिपायची आणि मग खाली वाकून वरचा ओठ लावायची. एके ठिकाणी, डाव्या पायाच्या घोट्याशी, तिचं समाधान झालं नाही. तिने पुन्हा टिपलं.

दर्शना पलंगावरून पाहत होती. पोर रडली नाही. तिला दुपट्यात गुंडाळून येसूबाईने वर पाहिलं तेव्हा दर्शना पलंगावरून उतरली होती. तिने टोपलीतली चार झाडं आणून सासूच्या पुढ्यातल्या बादलीशी ठेवली. बादली प्लास्टिकची होती.

"ह्यांचं पण उरकून घ्या," ती म्हणाली. "आणि मला दाखवा कसं झटकता ते. माझ्याकडून बाबांची दोन सडली होती गेल्या पावसात. मी कुणाला बोलले नव्हते."

येसूबाईने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे आधी तेरा व्हती?"

"तेरा होती."

दोघींनी मिळून झाडं न्हाऊ घातली. तळहातावर आपटण्याचा आवाज ऐकून राजश्रीताई दारात येऊन उभ्या राहिल्या. झाडं सुकवायची वेळ आली तेव्हा येसूबाईने खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीकडे गेली. ती बंद होती. गजांना अजून तारेचे आकडे तसेच होते, त्यांवर धूळ बसली होती.

"ती नाही उघडत मी," राजश्रीताई हळूच म्हणाल्या. "हे गेल्यापासून."

"वारा लागतो ह्यांना, विहीणबाई."

"तुम्ही घेऊन जा सगळी. मला जमायचं नाही."

"तीन नेते. दर्शना पोरीला घेऊन येईल तेव्हा तिला मिळतील तिथं. हे एक ऱ्हाऊ दे. ह्याच्या बुडाला दोन पिल्लं हायत, ह्याला प्रवास नको आता."

राजश्रीताईंनी दर्शनाकडे पाहिलं. दर्शना पोरीला थोपटत होती, तिने नुसती मान हलवली. मग राजश्रीताई पुढे झाल्या. कडी गंजली होती, ती एका हाताने निघेना. येसूबाईने खालून तळहाताचा धक्का दिला, आणि दोघींनी मिळून खिडकी उघडली.